भुऱ्या गप्प झाला

सोम., ३ नोव्हेंबर
पल्लवी बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिच्या पायावर पाणी घातलं. सगळं नीट पार पडलं. नातीला पाळण्यात ठेवलं आणि भुऱ्या गुरगुरला. मोठ्यानं नाही, घशातल्या घशात.
हे कुत्रं पल्लवीचंच. कॉलेजात असताना मुकुंदवाडी स्टेशनाजवळून उचलून आणलेलं. ती लग्न होऊन पुण्याला गेली, तो आमच्याकडं राहिला. गॅसवाला आणि स्वतःची थाळी सोडली तर आजवर कशावर गुरगुरला नव्हता.

बुध., ५ नोव्हें.
झोप अशी नाहीच. ह्यांचं म्हणणं, वैजापूरला भावाच्या शेतावर पाठवून देऊ. पल्लवी रडायला लागली, "पप्पा, तिथं जन्मभर साखळीला बांधतील त्याला." बाळंतिणीनं रडू नये म्हणून विषय तिथंच थांबवला. ह्यांच्या कंपनीतल्या एकानं सिडकोतला कुणी ट्रेनर सुचवलाय. तो शनिवारी येणार. तोवर पाळण्याजवळून मी हलत नाही. शाळेला रजा टाकलीच आहे.

शनि., ८ नोव्हें.
ट्रेनर येऊन गेले. सगळे त्यांना सर म्हणतात, आपणही म्हटलं. बोलणं अगदी हळू. "मॅडम, ओरडायचं नाय, मारायचं नाय. शांत राहायचं, पण ठाम. गुरगुरला की तिथल्या तिथं पट्ट्याला झटका, 'अंहं' म्हणायचं, विषय खतम. घरात मालक कोन, ते त्याला कळलं पायजे."
ह्यांना भलतंच पटलं. ज्या माणसाला उभ्या जन्मात भाजीवाल्याशी ठाम राहता आलं नाही, तो हॉलमध्ये छाती काढून फिरतोय. हसू आलं, पण सर गेल्यावर. ते होते तोवर भुऱ्यानं शेपूट पोटाखाली घेतली होती.
पल्लवी आतल्या खोलीतून, "तो मालकी नाही गाजवत, घाबरलाय तो. गुरगुरतोय म्हणजे सांगतोय. सांगू द्या की!"
हे म्हणाले, "तुझं मोबाईलवरचं ज्ञान राहू दे." स्वतः जेवताना मोबाईलवर त्याच सरांचे व्हिडिओ बघतात.

मंगळ., ११ नोव्हें.
बाळ रडलं की हे पट्टा धरून उभे. झटका, अंहं. तेवढ्यात पल्लवी दारातून चिकनचा तुकडा टाकते, बाळाचा आवाज म्हणजे काहीतरी चांगलं, असं त्याला वाटावं म्हणून. एकाच कुत्र्याला एकाच मिनिटात बापाचा झटका आणि लेकीचं चिकन. तो एकदा ह्यांच्याकडं बघतो, एकदा तिच्याकडं.
मी ह्यांच्या बाजूनं आहे. पटलं म्हणून नाही. ती गुरगुर बंद व्हावी एवढंच मला हवंय.

शुक्र., १४ नोव्हें.
आज एकदाही गुरगुरला नाही! ह्यांनी फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवलेत. मलाही हायसं वाटलं. कित्येक दिवसांनी गरम जेवले.
पल्लवी म्हणाली, "आई, त्याचं तोंड बघ. सारखा ओठ चाटतोय. कान मागं." मी बघितलं नाही. बघायचंच नव्हतं.

सोम., १७ नोव्हें.
लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.
शांताबाई मालिशवाली. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घातलं, मग शेगडीवर ओवा टाकून धुरी द्यायला दोन्ही हातांवर उचललं. बाळ किंचाळलं. भुऱ्या दाराशी पडला होता. दोन-तीन दिवस गप्प आहे म्हणून ह्यांनी पट्टा काढून ठेवलेला. आवाज नाही, काहीच नाही. उठला आणि शांताबाईचा पदर थेट दातात. टर्रकन फाटला. बाळ त्याच हातांवर होतं. बोटभर अंतर.
मी भुऱ्याला गॅलरीत ढकलून दार लावलं. शांताबाई मटकन खाली बसली, बाळाला मात्र छातीशी घट्ट धरून. "अगं माय! आवाज बी नाय केला वो बाई. कवा आला, कळलंच नाय."
तिला चहा दिला.
मग एकदम लक्षात आलं. तो गुरगुरला असता तर शांताबाई थांबली असती. मी बाळाला घेऊन आत गेले असते. तेवढी एक सोय होती आपल्याला. झटके देऊन देऊन ती आपणच मोडली. त्याची भीती होती तिथंच आहे.

बुध., १९ नोव्हें.
ट्रेनरना फोन केला. "तुमचा हात कमी पडतोय, अजून ठाम व्हा." ह्यांनी फोन कट केला.
जनावरांच्या डॉक्टरांनी उलट सांगितलं. झटके आजपासून बंद. बाळ आणि कुत्रा वेगळे, मध्ये जाळी. हळूहळू सवय करा, महिने लागतील. गुरगुरणं परत येईल का, विचारलं. "येतं कधी कधी. खात्री नाही देत."
गॅलरीच्या दाराला जाळी बसवून घेतली. हे जाळीसमोर खुर्ची टाकून बसलेत. "अगं, मी तर बोट पण लावलं नाय त्याला," एवढंच म्हणाले. माझ्याकडं बघून नाही. भांडायचं मनात होतं, पण कुठल्या तोंडानं भांडू? झटक्यांना मीच मान डोलावत होते.

शनि., २२ नोव्हें.
वैजापूरहून दीर उद्या सकाळी गाडी घेऊन येणार. हे म्हणतात, तू म्हणशील तसं. पल्लवीही म्हणाली, "आई, तू सांग. मी रडणार नाही." ठेवला आणि एखाद्या दिवशी जाळी उघडी राहिली तर? पाठवला तर साखळी. शिवाय दिरांच्या घरीही लहान पोरं आहेत. ह्याला आता न गुरगुरता चावायला शिकवलंय, असं त्यांना सांगायचं का?
दुपारी पल्लवी आणि बाळ झोपलेले, हे बाजारात. मी थाळी घेऊन गॅलरीत गेले. तो खायला लागला, आणि मी मुद्दाम थाळीकडं हात नेला. पूर्वी गुरगुरायचा, आम्ही हसायचो, म्हातारा करवादला म्हणून.
तोंड थाळीतच थांबलं. अंग ताठ. डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं. आवाज नाही.
हात मागं घेतला. म्हटलं, "गुरगुर ना रे भुऱ्या. कुणी काही म्हणणार नाही."
त्यानं कान पाडले, मान आखडून घेतली आणि डोळे मिटले. झटक्याची वाट बघत.
तशीच बाहेर आले, जाळी लावली, कडी दोनदा तपासली. बाळ उठलंय, रडतंय. गॅलरीतून काहीच आवाज नाही.