उपासाचं मीठ

आई, आज एकादशी. सैंधवाच्या बरणीकडे हात गेला आणि तुझे सुजलेले पाय आठवून मी तो मागे घेतला. राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत तेव्हा घरोघरी केबल येत होती आणि बसस्टँडजवळ कॉम्प्युटरवर रिपोर्ट छापून देणारी नवी लॅब निघाली होती. तुझा पहिला रिपोर्ट तिथलाच. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं थोडी अशक्त झालीत, घाबरू नका, आत्ता सांभाळलं तर खूप वर्षं चालतील. बीपीची गोळी रोज, गुडघेदुखीच्या गोळ्या बंद, मीठ कमी, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. तू शहाण्यासारखी मान डोलावलीस आणि घरी येऊन सांबारातलं मीठ बंद करून सैंधव घालायला लागलीस, तेही मूठमूठ. मी अडवलं तर म्हणालीस, "तू मला मीठ शिकवतेस? डॉक्टर तमिळमध्ये उप्पु नको म्हणाले, म्हणजे साधं मीठ. हे उपासाचं आहे." तुझ्यापुढे कोण बोलणार बाई!

मग तुझ्या चपलेचा पट्टा पावलात रुतायला लागला. तू म्हणायचीस, उन्हानं होतंय. तिसरा रिपोर्ट मी टाऊन बसमध्येच उघडला. आकडा बराच वाढला होता. त्या आठवड्यात माझा साखरपुडा होता, पाहुणे येऊन बसलेले. तू दारातच विचारतेस, "काय आलं गं?" आणि मी म्हणते, "मागच्यासारखंच." तू हसतेस आणि सैंधव घातलेले सांडगे वाळत घालायला गच्चीवर जातेस. सांगू, लग्न झालं की सांगू, असं म्हणत मी तीन महिने घालवले. पुढच्या वेळी डॉक्टर रिपोर्ट वाचून तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघत राहिले. त्याची लाज मला अजून वाटते.

गेल्या वर्षी माझाही पहिला रिपोर्ट आला. डॉक्टर तरुण आहे, वाक्य तेच, घाबरू नका. मी मोजून मीठ खाते, गोळी चुकवत नाही, दुखलं तरी दुखण्याची गोळी घेत नाही. तरी आज सकाळी पायातली जोडवी निघेनात. तिसरा रिपोर्ट काल आला. मुलानं विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? मी म्हटलं, "मागच्यासारखंच."

तो आपली मराठी बोलतो, पण शाळेत तमिळच शिकला; तू माझ्याकडून पाटीवर गिरवून घेतलेली ही बाळबोध, देवनागरी अक्षरं त्याला येत नाहीत. म्हणून तर मी हे बाळबोधीत लिहिते आहे. तो समोर बसून जेवतोय. कागद मी झाकलेलासुद्धा नाही.