शंभर दाण्यांची कविता

८ डिसें. ९८
आज रजिस्टर बिघडलं आणि मी दिवसभर हवेत आहे.
आमच्या बियाणं तपासणीच्या खोलीत नऊ वर्षं एकच पद्धत. मी ज्वारीचे दाणे ओल्या कागदावर एकेक मांडत मोठ्यानं मोजते. शंभर झाले की लॉट नंबर सांगते, नसरीनआपा लिहितात. मध्येच अडले तर आपा शेवटचा आकडा म्हणतात, मी पुढे निघते. आज शंभरानंतर नंबराऐवजी डोक्यातली ओळ बाहेर पडली. आपांनी मान वर न करता तीच लिहिली. लॉटच्या रकान्यात, निळ्या शाईत: मुळाला कुणी सांगितलं, खाली कुठं आहे.
साहेब तडकले. आपा म्हणाल्या, "ही बोलून राह्यली, मी लिहून राह्यले. माझं काय चुकलं?"
चौतीस वर्षांत माझी कविता माणसासमोर माझ्या तोंडून पहिल्यांदा आली. माझ्या!

९ डिसें.
मागच्या वर्षीचं अंबडचं कविसंमेलन आठवत बसले. माईक, ट्यूबलाइटची गुणगुण, टाळ्या. टाळी कानात सुईसारखी जाते, कुणाला सांगून पटत नाही. जीभ टाळूला चिकटली. शेवटी एका गृहस्थांनी कागद घेतला आणि माझी कविता चालीवर गायली. वन्स मोअर मिळाला. मला ती ओळखूच येईना.
आई म्हणते, एककल्ली आहेस. असेन. पण एकदा तरी ती माझ्या आवाजात लोकांच्या कानावर पडायला हवी. दुसरं काही नको.

१५ डिसें.
कविता तासून बरोबर शंभर शब्दांची केली. दुपारच्या सुट्टीत करून पाहिली. एक दाणा, एक शब्द. आली! अख्खी! आपांचा डबा उघडाच राहिला. म्हणाल्या, "इतके दिवस कुठं ठेवल्ती गं ही?"
संमेलनवाल्या देशमाने सरांना पत्र टाकलं. पाहिजे ते असं: टेबल, ताट, ओला कागद, दाणे. शेजारी आपा. माईक नको, ट्यूब बंद, टाळ्या नकोत.

२२ डिसें.
दे. सरांचं कार्ड. "हे कविसंमेलन आहे की कृषी प्रदर्शन?" एवढंच.
जेवले नाही. तसंही वांग्याची भाजी होती, ती मी कधीच खात नाही.

२८ डिसें.
दे. सर स्वतः आले! आमच्या सीड कंपनीत मेहुण्याचं काम होतं म्हणे. स्टुलावर बसले. मी त्यांच्याकडे न बघता दाणे मांडले आणि कविता म्हटली. मग मी त्यांना उगवलेल्या दाण्यांची, चौथ्या दिवसाची एक कागदी गुंडाळी उलगडून दाखवली. दाणा कसाही ठेवा, उलटा, आडवा, मूळ वळसा घेऊन खालीच जातं. नऊ वर्षं बघते आहे, अजून अंगावर काटा येतो. त्यांच्याही आला, मी पाहिला.
जाताना म्हणाले, "ताई, ते कार्ड मी मस्करीत टाकल्तं, चुकलंच. टेबल देतो, ट्यूब बंद करतो. टाळ्यांचं मात्र माझ्या हातात न्हाई. लोक हायेत."

१० जाने. ९९
अंबड. कानात कापूस घालून एस.टी.नं. आपा बुरखा सावरत, मांडीवर रजिस्टर. "सवय हाय बाई, त्याच्याबिगर मला मोजता येत न्हाई."
शाळेचा हॉल, खिडकीचा उजेड. दे. सरांनी सांगितलं, टाळ्या वाजवू नका. लोक हसले. दाणे बघून पुढची शेतकरी मंडळी सरकून जवळ आली.
सत्तरपर्यंत गेले. मग मागून कुणीतरी न राहवून टाळी वाजवली. एकच. सगळं बंद. हात थांबला, जीभ थांबली, पुढचा शब्द गेला. दे. सर उठायला लागले. कुणीतरी म्हणालं, "द्या, मी वाचतो." कवितेच्या कागदाकडे हात आलासुद्धा.
आपांनी तो हात रजिस्टरनं अडवला. आणि खोलीतल्यासारखं, मान वर न करता म्हणाल्या, "सत्तर."
एकाहत्तरावा दाणा ठेवला. शब्द आला.
शंभर झाले. कुणी टाळी वाजवली नाही. इतकी माणसं आणि इतकं शांत! आवडली की नाही, कळायला मार्ग नाही. मी वर बघितलं नाही. एक म्हातारे जवळ येऊन ताटात वाकले, म्हणाले, "मालदांडी ज्वारी हाय ना?" मी हो म्हटलं. तेही माझ्याच आवाजात.

११ जाने.
पुढच्या वर्षासाठी दे. सरांनी आत्ताच विचारलंय. आपा मार्चअखेर मुलाकडे हैदराबादला जाणार आहेत, कायमच्या. आज सकाळी सांगितलं.
"मंग सत्तर कोन म्हनेल गं तुला?"
"माहीत न्हाई आपा."
अंबडचे शंभर दाणे कागदासकट आणले होते. पाणी शिंपडून गुंडाळी केली, कपाटात उभी ठेवली. लॉटच्या रकान्यात आपांनी आपल्या मनानं लिहिलं: अंबड. मग पेन माझ्या हातात दिलं. कोंबांची पहिली मोजणी चौथ्या दिवशी.