व्याह्यांच्या अर्ध्या पेल्यात वाईन ओतली, त्याची हकिकत

वडिलांच्या जागी असलेल्या दादांना, धाकट्या दोक्चिलचा कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार.

कंबर कशी आहे? थंडी पडायच्या आत वैद्याकडून सुया टोचून घ्या, टाळाटाळ करू नका. वहिनींचा गुडघा आणि अंगणातला म्हातारा कुत्रा, दोघंही आपापल्या जागी खुशाल असतील असं धरून चालतो. आम्ही मजेत आहोत. इतके मजेत, की रविवारपासून मला धड झोप नाही आणि लिहायला बसलो तर अक्षरं माझ्यापुढे पळताहेत.

आपली लेक यन्सो नामगुंगांच्या मुलाशी लग्न करायचं म्हणते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मुलगा चांगला आहे (माझ्या दुकानात येऊन तारेचा भाव न विचारता ती गंजते का, हे विचारणारा पहिला माणूस). अडचण वडिलांची. जुन्या पाठशाळेचे विश्वस्त, सगळे विधी तोंडपाठ, आणि चेहरा असा की समोर बसलं की आपल्याच शर्टाची बटणं तपासावीशी वाटतात. मी पडलो द्राक्षमांडवाच्या तारा नि पाइप विकून वर आलेला. त्यांचा निरोप आला, आम्ही घर बघायला येत नाही, माणूस बघायला येतो. ते नाही म्हणाले तर मुलगा बापाचा शब्द मोडून लग्न करणार नाही, हे यन्सोने मला आधीच सांगून ठेवलं होतं. सांगताना ती भिंतीकडे बघत होती. मी ठरवलं, यांना दिवसभर आपला तालुकाच दाखवावा. तालुक्याच्या आड माणूस जरा झाकला जातो.

सकाळी त्या दोघा नवरा-बायकोला नि यन्सोला घेऊन नदीकाठच्या कड्यावरच्या मंडपात गेलो. तिथल्या फलकावरची माहिती मी पाठ करून गेलो होतो. पूर्वी विद्वान मंडळी इथे मासे धरायला बसत, एवढं म्हणतोय तोच व्याही (म्हणजे तेव्हा अजून न झालेले) वरच्या चिनी अक्षरांच्या पाटीकडे बघत म्हणाले, "धरायला नव्हे. मासे बघून सोडून द्यायला." मी लगेच सगळ्यांना मोटारीत बसवलं. मग दगडी पॅगोडा. त्यांनी हात जोडले, मी जोडले. त्यांनी प्रदक्षिणा घातली, मीही निघालो, आणि मागच्या बाजूला पोचतो न पोचतो तोच गिऱ्हाइकाचा फोन. हळू आवाजात मी पावसापासून द्राक्षं झाकायच्या प्लॅस्टिकचे दोन गुंडाळे विकले. वळून बघतो तर विहीणबाई उभ्या. म्हणाल्या, "परसातल्या मिरच्यांना चालेल का हो ते?" दादा, त्याच क्षणी मी ओळखलं की या घरात आपला एक माणूस आहे.

दुपारी माझं जुनं गिऱ्हाईक असलेल्या गुकबाईंच्या वायनरीत. काय सांगू तुम्हाला, वरून काळ्याभोर द्राक्षांचे घड लोंबताहेत, आंबूस गोड वास सुटलाय, आणि मांडवाखालच्या लाकडी बैठकीवर आम्ही. इथे मी चमकणार होतो. तालुक्याच्या शेतकी केंद्रातल्या वाईनच्या वर्गाला मी अख्खा उन्हाळा गेलोय. पेला कसा फिरवायचा, किती भरायचा, पाहुण्याचा पेला अर्धा झाला की न विचारता भर कशी घालायची, सगळं शिकलोय. तसा मी व्याह्यांचा पेला उचलला, तीनदा छान गोल फिरवला, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवला. ते दोन घोट प्याले. पेला अर्धा झाला. मी मान झुकवून अगदी अदबीनं त्यात भर घातली.

तुमचा हात इथे कपाळाकडे गेला असेल. माझा नाही गेला. आपल्याकडे जिवंत माणसाचा पेला आधी रिकामा होऊ देतात. अर्ध्या पेल्यात भर घालतात ती फक्त पितरांच्या. पेला उदबत्तीच्या धुरावर तीनदा फिरवतात तोही त्यांचाच. धूर म्हणाल तर डास पळवायची वेटोळी टेबलावर जळतच होती. गुकबाईंनी व्याह्यांपुढे फळं मांडली होती, त्यात नाशपाती, सफरचंद, वाळवलेली पर्सिमनं, पितरांपुढे मांडतात त्यातलं काही म्हणता काही उणं नव्हतं. व्याही पेल्याकडे बघत राहिले. यन्सोने मला कोपरानं ढोसलं. माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी घाबरून वाकून माफी मागितली. त्यांची नजर पेल्यावरून हलेना, म्हणून पुन्हा वाकलो, अगदी कपाळ टेकवून.

दोनदा, दादा. जिवंताला एकदा वाकतात.

विहीणबाईंनी तोंडाला पदरासारखा रुमाल लावला. "आता रडायला कोणाला बोलवायचं, की आम्हीच रडू?" असं म्हणाल्या आणि हसता हसता आडव्या झाल्या. व्याह्यांनी तो भरलेला पेला उचलला, एका दमात संपवला. म्हणाले, "मेल्यावर पाहुणचार बरा असतो तुमच्याकडे." मग रिकामा पेला माझ्यापुढे धरला. रिकामा पेला भरणं भागच. तो भरला, त्यांनी रिकामा केला, मी पुन्हा भरला. संध्याकाळी आम्ही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून मोटारीपर्यंत आलो (चालवायला यन्सो होती) आणि ते होकार देऊन गेले. बाकी सगळं ठीक.

आपला धाकटा,
दोक्चिल

ता. क. होकाराला एक लहानशी अट आहे. "जी वाईन मला पितर करून पाजलीत, तीच तुमच्या खऱ्या पितरांना पाजा, माझ्यासमोर; त्यांनी घेतली की तारीख धरू," असं ते म्हणाले. शरदातल्या सणाला, पितरांची पूजा तुमच्या घरी असते तेव्हा, ते सकाळीच तुमच्याकडे पोचतील. घरच्या तांदळाच्या दारूशिवाय दुसरी बाटली तुम्ही आजवर उंबऱ्याच्या आत येऊ दिलेली नाही, हे मला माहीत आहे. घराण्याचा निर्णय थोरल्यांचाच. यन्सो तुमच्या पत्राची वाट बघतेय.

ता. क. दुसरा. वहिनींना मी फोनवर आधीच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "लग्न होऊन आल्यापासून दर सणाला तांदूळ भिजवा, मडकं गुंडाळा, उठून ढवळा. तुमच्या पितरांनी एकदा बरी म्हटलं नाही की वाईट. येऊ दे तुझी वाईन." ते दारूचं मडकं त्यांनी शेजारणीला कोबी खारवायला देऊनही टाकलंय. तेव्हा दादा, कसली घाई नाही, तुम्ही हवा तेवढा विचार करून निर्णय घ्या.