रोज एक पेरलेली चूक

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आता बरा आहे असं भावोजी फोनवर म्हणाले. पण हल्ली मी ऐकीव माहितीवर भरवसा ठेवत नाही, तेव्हा तूच कळव. इकडे सगळं ठीक (असं वरवर तरी दिसतं).

बारावीच्या मुलांना चिकित्सक विचार शिकवा, असं फर्मान निघालं आणि मी इतिहासवाला म्हणून ते माझ्याच गळ्यात पडलं. मी युक्ती काढली. शिकवताना रोज मुद्दाम एक चूक पेरायची. मुलांनी ती पकडायची आणि पुरावा द्यायचा. सुरुवात झकास झाली. मग एकदा मी चूक पेरायलाच विसरलो आणि मुलांनी दोन पकडल्या. (दोन्ही खऱ्या निघाल्या. "शाब्बास" म्हणून मी वेळ मारून नेली.) तेव्हापासून पाकीटमाराकडे बघावं तसा वर्ग माझ्याकडे बघतो. उशीर झाला म्हणून सांगितलं, बस चुकली, तर मागच्या बाकावरून आवाज, "सर, आजची चूक हीच का?" मुख्याध्यापिकाबाई वर्गात सांगायला आल्या, टाकी धुतली आहे, पाणी निर्धास्त प्या. पुढच्या बाकावरची चष्मेवाली उठली, "मॅडम, धुताना कुणी पाहिलं?" कुणीच पाहिलं नव्हतं. बाई तेव्हापासून माझ्याशी फक्त मान हलवून बोलतात.

आता मलाही लागण झाली आहे. शिपाई हसून नमस्कार करतो, तर वाटतं, याला काय कळलंय? परवा तुझ्या भावजयीने विचारलं, भाजीत मीठ बरोबर आहे ना? मी म्हटलं, तुला शंका का आली? (त्या दिवशीची भांडी मी घासली.)

सोमवारी माझ्या वर्गाची तपासणी आहे. नोकरीत कायम व्हायचं की घरी बसायचं, ते त्या शेऱ्यावर. तपासणीस कोण हे तुला सांगायला नको. त्यांचा डबा तूच भरतेस. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. लहानपणी फळ्यावरची गुरुजींची चूक पकडली आणि गुरुजींनी पाठ थोपटली, ही गोष्ट भावोजी प्रत्येक वर्गात सांगतात. सोमवारी तेवढी राहू दे, असं त्यांना गोडीत सांग. माझी मुलं साक्षीदार मागतील.

आणखी ता. क. तू आणि भावोजी लहानपणी एकाच वर्गात होतात. गुरुजींची चूक काढली म्हणून वर्गाबाहेर उभी राहून रडत घरी आलेली मला तू आठवतेस. खरं काय ते कळव. नको, कळवूच नकोस. चष्मेवालीने विचारलं, तर "मला माहीत नाही" असं मला खरं खरं सांगता आलं पाहिजे.