काकूच्या माहेरच्या बांगड्या

मंगळवार संध्याकाळ, वेस्ट मांबलम

आज काकूला परतफेडीचा कागद दिला. माझ्या कॉलेजच्या फीसाठी तिने तंजावरच्या माहेरून आणलेल्या दोन बांगड्या बाबांना गहाण ठेवायला दिल्या होत्या. व्याज थकलं आणि त्यांचा लिलाव झाला. घरातली पहिली पदवीधर मी, आता नोकरीही लागली. सगळं लेखी आणि स्वच्छ असावं असं वाटलं. दर महिन्याचा हप्ता, खाली माझी सही. केवढा अभिमान वाटत होता मला!

काकूने कागद दोनदा वाचला. "अगं, ह्यात माझ्या बांगड्या कुठायत?"

"काकू, पहिल्या ओळीत मुद्दल लिहिलंय ना, तेच."

"मुद्दल? आई त्या घालून रोज दोसे करायची. त्यांच्या किणकिणीनंच मला जाग यायची." मग स्वतःच हसली. "जाऊ दे. कापी घेशील ना?"

कॉफी देताना तिचा हात समोर आला. मनगटावर नुसत्या काचेच्या बांगड्या. इतकी वर्षं तोच हात बघतेय, मग आजच का दिसला?

घरी येऊन ‘मुद्दल’ खोडलं आणि तिथे ‘काकूच्या आईच्या दोन बांगड्या’ असं लिहिलं. त्यासमोर परत करण्याची तारीख मात्र लिहिता आली नाही.