दुपारची तोडी

तलवाडा,
९ फेब्रुवारी २०२५

चि. अमरसिंह यास,

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक आहे. उसाच्या ट्रॉल्या दिवसभर रस्त्यावरून धावताहेत, अंगणात धुरळ्याचा थर बसतो. आरोहीचे पुढचे दोन दात पडले. माझे गुडघे कुरकुर करतात, पण त्यांचं ऐकायला वेळ कुणाला आहे.

बजरंगकाकांबरोबर स्वेटर पाठवला होता, तो मिळाला का ते लिहिलं नाहीस. तुरुंगातलं जेवण सोसत नाही म्हणतोस. घरचं तरी कुठे सोसायचं. ताट सरकवण्यात तू लहानपणापासून पटाईत.

"अक्का, आपला रिवाज मोडू नकोस, सध्या काय ऐकतेस ते कळव," असं लिहिलंस. वडिलांनी टेपरेकॉर्डर आणला तेव्हापासूनचा हा रिवाज. मी सासरी होते तेव्हाही दर महिन्याला आपली पत्रं जायची, सध्या कोणत्या रागानं वेड लावलंय ते सांगायला. हे गेल्यावर मी माहेरी परत आले, तू वर माडीवर आणि मी खाली, तरी जेवताना विषय तोच. आता तुरुंगातूनही तू तुझी चार नावं पाठवलीस. तर माझीही लिहिते. हसू नकोस.

पहिली शहनाई. शहनाईवरचा केदार, आणि तोही सकाळी, भाकरी थापताना. लग्नातलं वाजप म्हणून तू नाक मुरडायचास. शिवाय रात्रीचा राग सकाळी ऐकते म्हणून कपाळाला हात लावशील. लाव. वाजवणारा म्हातारा मधेच दम घेतो तो ऐकू येतो, मला तेच जास्त आवडतं.

दुसरं जलतरंग. तू त्याला भातुकली म्हणायचास. परवा आरोहीनं चहाचे सगळे कप मांडून त्यांत पाणी भरलं आणि चमच्यानं वाजवत बसली. दोन फुटले. फुटू दिले.

तिसरी दक्षिणेकडची वीणा. त्या रागाचं नावसुद्धा मला माहीत नाही. नाव माहीत नसलेलं ऐकायला फार बरं वाटतं.

तुझ्या लक्षात आलं असेल, यात एकही ख्याल नाही. माणसाचा गळाच नाही. यातलं काहीही तू कधी घरात लावलं नव्हतंस, म्हणून ते मला ऐकवतं. दुसरं कारण नाही.

घरात ख्याल लागला की आरोही पलंगाखाली जाते. पहिल्यांदा वाटलं, खेळतेय. एकदा मी नुसतं तानपुऱ्याचं मशीन सुरू केलं, तर हातातलं बिस्कीट टाकून आत शिरली. बाहेर ये म्हटलं तर म्हणाली, "आत्या, गाणं संपलं का सांग. मग मम्मी दार उघडती."

तिची मम्मी जाऊन आठ महिने झालेत, अमर.

माडीवर मोठ्यानं ख्याल सुरू व्हायचा आणि मी खाली मांडीवर ताल धरून बसायचे. गल्लीतली माणसं म्हणायची, पाटलाच्या पोराचा शौक बघा. ऋतुजा एकदा मेथी निवडता निवडता म्हणाली होती, "वन्सं, गाणं लई मोठं लागलं का तुमी वर येत जा की." मला वाटलं, पोरीला गोडी लागतेय, समजावून घ्यायचंय. मी म्हटलं, नवरा-बायकोच्या मधे मी कशाला येऊन बसू. ती मेथी निवडत राहिली. आता मेथीची जुडी हातात घेतली की मला रडू कोसळतं.

आता तुझी नावं. मारवा, मुलतानी, मधुवंती आणि भीमपलास. भीमपलासखाली तू रेघ ओढली आहेस आणि पुढे लिहिलंस, "त्या दुपारी हाच ऐकत बसलो होतो, तुला आठवत असेल." वकीलसाहेबांनी मला जे शिकवलं तेही हेच, शब्दाला शब्द. तू भीमपलास ऐकत बसला होतास, ऋतुजाचा जिन्यावर पाय घसरला, खाली अक्काला गाण्याशिवाय काही ऐकू आलं नाही. बजरंगकाका शेजारीच बसले होते. म्हणाले, "विजू, खरं तेवढंच सांग. गाणं चालू हुतं. त्यात खोटं काय हाय?"

खोटं काही नाही. गाणं चालू होतं.

आरोहीच्या बारशाला बीडहून गवई आणले होते, आठवतं? जेवणाची पंगत बसली आणि त्यांनी तोडी धरली. सकाळचा राग भरदुपारी लावला म्हणून तू भरल्या पानावरून उठलास. बेवेळेचा राग म्हणजे शिळं अन्न, असं पाहुण्यांसमोर म्हणालास. ऋतुजाचे वडील शरमून गेले होते. तुझ्या या खुळाचं मला कौतुक वाटायचं.

त्या दुपारी मी खाली हरभरा निवडत होते. वर तोडी लागली. मी चाळणी खाली ठेवून छताकडे बघितलं. वाटलं, याला बरं नाही की काय. मग वाटलं, असते एखाद्याची लहर. आणि पुन्हा हरभरा निवडायला लागले.

तुला गाणं नको होतं. आवाज हवा होता. हाताला आली ती सीडी तू लावलीस.

पोलिसांनी जबाब घेताना विचारलं, गाणं चालू होतं का. मी हो म्हटलं. कोणतं, ते कुणी विचारलं नाही. परवा कोर्टात मी न विचारता सांगणार आहे. तोडीचं, आणि ऋतुजा जे म्हणाली होती तेही. न्यायाधीशांना रागाची वेळ कळेल की नाही, माहीत नाही. वकीलसाहेब हसतील बहुतेक. पण तू समोर असशील, आणि तुला कळेल.

आरोहीचं नाव मी घेणार नाही. काका म्हणाले होते, "कोर्टात वाकडं बोललीस तर पोरगी कुठं ऱ्हाईल ते आमी ठरवू." त्यांना ठरवायला नको म्हणून काल मीच तिला युसूफ वडगावला आजोळी, भिवराबाई आजीकडे पोचवून आले. निघताना तिनं फ्रॉकमध्ये चहाचा कप लपवला होता. घर खायला उठलंय. परवानंतर काका मलाही या घरात ठेवणार नाहीत.

तुरुंगात पत्रं उघडून वाचतात म्हणे. वाचू देत.

वर चि. सवयीनं लिहिलं गेलं. त्याच्यापुढचे आशीर्वाद लिहायला हात धजला नाही. यापुढे मला नावं कळवू नकोस.

ऋतुजाची वन्सं,
विजयमाला