सतरा नंबरची लाइन

३ जानेवारी

मोगिलिपाडूला पोचलो. बसमधून उतरताना गेटवेचं खोकं मांडीवरून खाली ठेवायला मन होईना, म्हणून ते छातीशी धरूनच उतरलो. स्वरूपा स्टँडवर आली होती. आठवा महिना, तरी चालत आली. मला बघून म्हणाली, बापू, हे खोकं जपतोस तेवढं आम्हाला लहानपणी जपलं असतंस तर आम्ही गोरे झालो असतो. जावई तिरुपती मागे उभा राहून हसत होता. तो इथे खाणीच्या बचाव पथकात आहे. त्यांच्या क्वार्टरला पथकाचा फोन आहे, नंबर २१८. लेकीच्या घरी राहून काम करायचं, असा योग माझ्या नोकरीत पहिल्यांदाच आला. राजन्ना देवाची कृपा.

काम महिनाभराचं. खाणीचं जुनं, हाताने जोडायचं टेलिफोन एक्स्चेंज बंद करायचं आणि खालच्या चोवीस लाइनी या गेटवेमार्फत नव्या संगणकी जाळ्याला जोडायच्या. मॅनेजर नरसिंगराव सारांना ते संक्रांतीच्या आत हवं आहे.

टाइम ऑफिसात पितळी बिल्ला मिळाला, ४१२. खाणीच्या तोंडाशी मैसम्माचं लहानसं देऊळ आहे. खाली उतरणारा प्रत्येक जण तिथे लिंबू ठेवतो. मी खाली जाणार नाही, तरी ठेवलं.

५ जानेवारी

एक्स्चेंजची खोली स्वच्छ आहे. इथला ऑपरेटर राजलिंगू, वय एकोणसाठ, सतत खोकतो आणि रुमालात काळं पडतं. मला तम्मी म्हणतो, म्हणजे धाकटा भाऊ; मी त्याला अन्ना म्हणतो, थोरला. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं की माझ्या जागेवर बसायला आलेलं ते पोरगं हेच का. खोक्याकडे बोट होतं. मी हो म्हणालो. म्हणाला, त्याला खोकला नाही, बिडी नाही, बायको नाही, कंपनीला असाच माणूस हवा होता.

त्याची कामाची रीत मला आवडली. खालून फोन आला की माणूस आधी आपला बिल्ला नंबर सांगतो. राजलिंगू तो नंबर मोठ्याने परत म्हणतो. परत म्हटला की तो माणूस खाली आहे असं धरलं जातं, आणि तो वर येईपर्यंत त्याला कुणी विसरायचं नाही. आणि बोलणं संपलं तरी खालचा माणूस ‘ठेवला’ म्हणेपर्यंत ऑपरेटरने बोर्डातली जोडणीची कॉर्ड ओढायची नाही. वरच्या माणसाने आधी ठेवणं हा इथे अपमान समजतात.

माझ्या धंद्यातही तेच अवघड आहे. आवाज कसाही वाहून नेता येतो. कुणी उचलला, कुणाला हवा आहे आणि कुणी ठेवला, हे दोन्ही टोकांना कळवणं म्हणजे सिग्नलिंग. जुन्या लाइनीवर फोन उचलला की तारेतून वीज फिरते, ठेवला की थांबते. समोरच्याने ठेवल्याचं गेटवेला कळलं नाही तर तो बिचारा मुक्या लाइनीला धरून बसून राहतो. अशा अडकलेल्या लाइनी सोडवणं हेच माझं निम्मं काम.

७ जानेवारी

तेवीस लाइनी नीट लागल्या. सतरा नंबर अडकलेला आहे. फोन उचलून धरल्यासारखी वीज सतत वाहते, पण आवाज नाही. राजलिंगूला विचारलं तर म्हणाला, तेवढी एक राहू दे, तम्मी. का ते सांगेना. रोज दुपारी दोनच्या सुमारास तो मला चहाला पिटाळतो. आज लवकर परतलो तर तो कानाला हेडफोन लावून हळू आवाजात नंबर म्हणत बसला होता. बोर्डावर कॉर्ड सतरामध्ये होती. मला वाटलं, म्हातारा जप करतोय. जपात माणसाला हटकू नये, म्हणून दारातच थांबलो.

नंतर गेटवेत घालायची यादी लिहिली. यापुढे ऑपरेटर नसेल, म्हणून खालून मदतीचा फोन आला तर तो आपोआप एकेका ठिकाणी जावा, एकाने उचलला नाही तर पुढच्याकडे: पहिला मॅनेजरची खोली, दुसरा ओव्हरमन, म्हणजे पाळीचा मुकादम, पोशमचं टेबल, तिसरा बचाव केंद्र, चौथा २१८. जावयाचा नंबर घालताना छाती थोडी फुगली, खोटं कशाला बोलू.

९ जानेवारी

आज मनाला बरं वाटत नाही.

नरसिंगराव सार ओरडले की चोवीस म्हणजे चोवीस. मग मी सतराला गेटवेवर घेतलं आणि घड्याळ लावलं: दोन मिनिटं शांतता राहिली की लाइन तोडायची. लाइन लगेच मोकळी झाली. चोवीस हिरवे दिवे.

राजलिंगू घरून हातोडा घेऊन आला. गेटवेवर घाव घालणार तोच मी त्याला मागून धरलं आणि पहारेकऱ्यांना हाक मारली. हाक मीच मारली. दोघांनी त्याला अंगणात नेऊन काठ्यांनी मारलं. मी पुरे म्हणेपर्यंत उशीर झाला होता. कानातून रक्त येत होतं. त्याला उचलून दवाखान्यात नेताना तो एवढंच म्हणत राहिला की तू त्यांच्या आधी फोन ठेवलास.

स्वरूपाने भाकरी वाढली, गेली नाही.

१० जानेवारी

नरसिंगराव सार गेले. जे पाहिलं ते लिहितो.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. मी समोरच बसलो होतो. त्यांनी उचलला, हॅलो म्हणाले, मग ऐकत राहिले. चेहरा राखेसारखा झाला. फोन हातातून सुटला. उठून ते भिंतीपाशी गेले आणि मुठींनी भिंत ठोकायला लागले. आम्ही तिघांनी धरलं. साठीच्या माणसाने तिघांना झटकून टाकलं. बोटांची हाडं दिसेपर्यंत ठोकलं, मग नखांनी प्लास्टर ओरबाडलं, नखं भिंतीतच राहिली, मग डोकं. उघडा, उघडा, धूर आलाय, असं ओरडत होते. तिसऱ्या का चौथ्या धक्क्याला डोक्याची कवटी फुटली.

खोलीत धूर नव्हता. खिडकी उघडी होती.

डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त चढलं असेल. त्यांच्या तोंडात दाढेपर्यंत कोळशाची भुकटी होती.

गेटवेवरची नोंद पाहिली. फोन लाइन सतरावरून आला होता.

११ जानेवारी

पुन्हा दोन दहाला. ओव्हरमन पोशम. काल मीच त्याला म्हणालो होतो की काही दिवस टेबलावरचा फोन उचलू नकोस. तो हसला. खालून फोन आलाय आणि ओव्हरमनने उचलायचा नाही, मग मी बांगड्या भरू का, म्हणाला.

त्याच्या हाताशी पहार होती. आधी भिंत फोडायला लागला. कारकून सत्तय्याने मागून मिठी मारली. पोशमने वळून पहार त्याच्या चेहऱ्यात घातली, दोनदा. मग परत भिंत. वीट निखळली तसा भोकात हात घालून तो हात खांद्यापासून निखळेपर्यंत ओढत राहिला. रक्त जाऊन मेला की कशाने, कळत नाही.

सत्तय्याची बायको बाहेर डबा घेऊन आली होती.

यादी माझ्या अक्षरातली आहे. पहिला, दुसरा. उद्या बचाव केंद्र. मग—

१२ जानेवारी, सकाळ

उजाडताच यादी पुसली. गेटवेची वीज काढली, खोकं उचलून बाहेर अंगणात ठेवलं. मग सतराची तार शोधत खाणीच्या तोंडाशी गेलो. पेटीत तेवीस जोड्या लागलेल्या. सतराची जोडी कापलेली, टोकं गंजलेली, त्यांवर कोळ्याचं जाळं. ही तार कित्येक वर्षांत कशालाच जोडलेली नाही. मीटर लावला. वीज फिरत होती. पलीकडे कुणीतरी फोन उचलून धरला आहे.

मैसम्मासमोर बसलो. काय मागावं ते सुचेना.

मग दवाखान्यात राजलिंगूकडे. एक डोळा बंद झाला आहे. माझ्यावर रागावलाही नाही, त्याचंच जास्त लागलं. थांबत थांबत सांगितलं. एकोणतीस वर्षांपूर्वी खाली पाच नंबरच्या गल्लीत, म्हणजे बोगद्यात, आग लागली. धूर बाकीच्या खाणीत पसरत होता, तिथे चारशे माणसं होती. तेव्हाच्या साहेबांनी गल्लीचं तोंड विटांनी बंद करायला लावलं. आत नऊ जण राहिले. आतला फोन सतरा नंबरचा. ते एकेक करून बिल्ला नंबर सांगत होते, राजलिंगू परत म्हणत होता. आठ झाले. नववा बोलायला लागला तेवढ्यात साहेबांनी राजलिंगूचं मनगट धरून कॉर्ड ओढली. मागून विटा ठोकल्याचा आवाज येत होता, आतून.

नववा नंबर राहिला. दुसऱ्या दिवशी दोन दहाला सतराचा दिवा लागला. तेव्हापासून रोज तो ऐकतो, आठ नंबर परत म्हणतो आणि नवव्याच्या जागी स्वतःचा सांगतो, ८८. म्हणजे मोजणी पुरी होते आणि ते त्या दिवसापुरते गप्प बसतात. लाइन कधी तोडत नाही.

मी विचारलं, आता बंद कसं करायचं. म्हणाला, बंद नाही करायचं, तम्मी. उचलायचं. कुणी उचलून धरलं नाही तर ते दुसऱ्या फोनवर जातात, आणि जो उचलतो तो त्यांच्या शेजारी जाऊन पडतो. कुणाची चूक, कुणाची नाही, तिथे अंधारात कुणाला दिसतं?

आज दीडला मला उचलून बोर्डाशी ने, म्हणाला. मी दोन माणसं सांगून ठेवली आहेत.

१२ जानेवारी, रात्र

राजलिंगू अन्ना दुपारी एकला वारला. माराने. मी मारलं नाही. हाक मारली.

मी तेव्हा त्याच्या उशाशी होतो. मग त्याच्या बायकोने मला ओळखलं. तिने माझा सदरा धरला आणि सोडेना. सुटून धावलो तेव्हा दोन वाजून गेले होते.

बोर्डाशी पोचायच्या आत बचाव केंद्राचा दिवा लागला आणि विझला. कुणीतरी उचलला.

ऐलय्या, पथकाचा प्रमुख. हातात कुऱ्हाड होती. तिरुपतीने त्याला अडवलं. माझ्या जावयाचा हात कोपराखाली दोन ठिकाणी तुटला आहे. बाकीचे दोघे— त्यांना चादरीत बांधून आणलं. ऐलय्याने शेवटी कुऱ्हाड स्वतःच्या—

यादी पुसली आहे. खोकं अंगणात आहे, त्याला वीज नाही. तरी तीच क्रमवारी.

उद्या २१८.

१३ जानेवारी, सकाळ

भोगी. दारात रांगोळी नाही.

स्वरूपाला रात्रीपासून कळा. नवव्याच्या आधीच. सुईण म्हणते, हलवू नका. फोन भिंतीवरून उपटला, तार कापली, फोन मागच्या विहिरीत टाकला. स्वरूपा रडत म्हणाली, बापू, दवाखान्यातून त्यांचा फोन आला तर? मला कसं कळेल?

विहिरीतून वाजला तरी ही धावत जाईल. नवऱ्याचा आवाज ऐकायला. मला माझी लेक माहीत आहे.

आणि सतराची तारही कापलेलीच होती.

राजन्ना, मी कधी काही मागितलं नाही. म्हणजे मागितलं, पण माझ्यासाठी. आज—

दुपार, १.४०

बोर्डाशी बसलो. दार आतून लावलं. वही डाव्या हाताशी, हेडफोन कानावर. त्याला अन्नाच्या डोक्याच्या तेलाचा वास आहे. कॉर्ड सतरामध्ये. बिल्ला खिशात आहे.

माझ्या मागे भिंत आहे. मी तिच्याकडे पाहत नाही.

२.१०

सतरा लागला. त्याच वेळी २१८चाही दिवा— तिथे फोन नाही. तरी लागला.

उचलला.

धूर. खोकला. माझ्या तोंडाला चव येते.

१०३. परत म्हटलं.
२६. म्हटलं.
३१७.
६१.
१४०. हा रडतो.
२०९.
२२. म्हटलं.
१७५. आठ झाले.

शांतता. आता मी— नाही, कुणीतरी बोलतंय. नववा.

८८.

अन्नाचा आवाज. म्हटलं. रडत म्हटलं. नऊ झाले अन्ना, पुरे झाले ना.

२१८ विझत नाही.

तो विचारतो, तम्मी, मी इकडे आलो, मग वर कोण? म्हणतो, तुझा नंबर दे, नाहीतर लाइन पुढे जाते. रागाने नाही. चहाला पिटाळायचा तशा आवाजात.

दिवा लुकलुकतो. तिने कुठेतरी हात पुढे केला असेल. पोटाला धरून—

४१२.

सगळ्यांनी परत म्हटलं. नऊच्या नऊ जणांनी.

२१८ विझला. विझला. मैसम्मा, तुझी—

हात ऐकत नाही. उजवा हात मागे भिंतीवर ठोकतोय, मी नाही ठोकत. बोटं फुटली. डाव्याने लिहितो. वीट गरम आहे

बाहेर कुणीतरी दाराला धक्के देतंय. आत येऊ नका. आलात तर मला धरू नका. कॉर्डला हात लावू नका. स्वरूपाला सांगा मी

कॉर्ड ओढू नका, मी अजून ठेव